मोजायचं काय, आणि कशानं?

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची मुलं प्रकल्पासाठी पहिला कागद आणतात, त्यावर बहुधा ‘ध्वनितरंग व वारंवारता’ एवढंच असतं. तो विषय नव्हे, धडा आहे. मी विचारतो, तू मोजणार काय, आणि कशानं?

सोलापूरच्या पूर्व भागातली मुलं यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेली. त्यांना मागांचं ध्वनिप्रदूषण मोजायचं असतं. कळकळ खरी, पण हाताशी असतो मोबाइल, आणि प्रमाणित मापकाशी ताडून घेतल्याशिवाय त्याच्या डेसिबलवर भरवसा ठेवता येत नाही. वारंवारतेचं तसं नाही. ती वेळेवर मोजली जाते, आणि फोनमधलं घड्याळ आपल्या कामापुरतं चोख असतं. म्हणून ‘आवाज किती मोठा’ सोडून मी त्यांना ‘ठोके किती’ याकडे वळवतो. धोट्याच्या मिनिटाला १२० फेऱ्या धरल्या, तर झाले २ हर्ट्झ. माणसाच्या कानाला २० हर्ट्झच्या खालचं ऐकू येत नाही. मग ही खटखट कशी ऐकू येते? तर प्रत्येक ठोक्याला लाकूड, लोखंड, चामडं शेकडो-हजारो हर्ट्झनी थरथरतं म्हणून. ठोक्यांची लय निराळी, ठोक्याचा स्वर निराळा. हे ज्याला स्वतःच्या आलेखात दिसलं त्याला निम्मा धडा आला, असं मी धरतो. मोटरचा पट्टा सैल पडला की लय किती घसरते, हा पुढचा प्रश्न मग तो आपणच काढतो.

आपल्या उन्हाचाही उपयोग आहे, आणि तो मला फार आवडतो. तापमान एका अंशानं वाढलं की हवेतला ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ०.६ मीटरनं वाढतो. डिसेंबरच्या सकाळी १५ अंशांना तो ३४०, एप्रिलच्या दुपारी ४२ अंशांना ३५७ मीटरच्या आसपास. ५१२ हर्ट्झचा नादकाटा घेतला, तर अनुनाद नळीतल्या हवेच्या स्तंभाची लांबी, टोकाची दुरुस्ती धरून, १६.६ सेंटिमीटरवरून १७.४ वर जाते. आठ मिलिमीटर! साध्या पट्टीवर दिसतात.

पंढरपूरकडची मुलं पखवाजाचं नाव काढतात. मृदंग-तबल्यावरच्या शाईमुळे वरचे स्वर मूळ स्वराच्या पटीत बसतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये मांडलं. ते वाचून मुलं शाईवरच काम करू म्हणतात. मी अडवतो, कारण शाईचे थर आपल्याला कमी-जास्त करता येणार नाहीत. डाव्या तोंडाची कणीक मात्र तोलून लावता येते, खरवडता येते. ती किती ग्रॅम, स्वर किती हर्ट्झ, आणि वाळता वाळता दर दहा मिनिटांनी तो किती चढला, एवढ्यात वही भरते. थाप एकाच हाताची हवी. पखवाज गावच्या भजनी मंडळाकडून मागून आणायचा, आणि कणीक पुसून भजनाच्या आत परत पोचवायचा.