नुसतं बघा हो, वहिनी!

ऐंशीच्या दशकात दादरला आमच्या बिल्डिंगमध्ये दुपारी दोननंतर बेल वाजली की ओळखावं, कुणीतरी विकायला आलंय. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण असायची, फिनेल-उदबत्तीवाला असायचा, नाहीतर ‘युरेका फोर्ब्स’चा टाय लावलेला मुलगा. १९८२ साली सुरू झालेल्या या कंपनीनं व्हॅक्यूम क्लीनर घरोघरी दाखवून विकला. आपल्याच गादीतली धूळ तो मुलगा पांढऱ्या फडक्यावर काढून दाखवी. आई ओशाळायची, त्याला चहा द्यायची, मशीन मात्र घ्यायची नाही.

त्याच वर्षी, १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि लालबागच्या एका काकूंच्या घरचा पगार थांबला. काकूंनी मूळजी जेठा मार्केटमधल्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडून उधारीवर साड्या उचलल्या आणि दारोदार विकायला सुरुवात केली.

त्यांचं गाठोडं सोडणं बघण्यासारखं असे. चादरीची गाठ सुटली की आधी रोजच्या वापराच्या साड्या बाहेर येत. भारी साडी तळाशी. ती त्या आपणहून काढतच नसत. आईची नजर तिथं जाईपर्यंत इकडच्या तिकडच्या गप्पा चालत. आई म्हणे, “या महिन्यात जमणार नाही हं.” त्यावर काकूंचं उत्तर ठरलेलं, “घेऊ नका हो, वहिनी. नुसतं बघा. बघायला कुठं पैसे पडतात?”

खरी गंमत त्यांच्या वहीत होती. प्रत्येक घराला एक पान. एका बाजूला हप्त्यांचा हिशेब आणि समासात बारीक अक्षरात टिपणं: ‘निळा नको’, ‘सासूबाईंना नऊवारी’, ‘मे महिन्यात मुलीचं लग्न’. काही घेतलं नाही तर का घेतलं नाही, तेही लिहिलेलं. ज्या घरातून नकार आला, तिथं त्या पुढच्या महिन्यात पुन्हा जात. पण तीच साडी घेऊन कधीच नाही. पुढे बायका ऑफिसला पंजाबी ड्रेस घालू लागल्या, तेव्हा काकूंनी नाकं मुरडली नाहीत. गाठोड्यात ड्रेसपीस आले, मग गाऊन आले, फॉल-पिको करून देण्याचं कामही आलं. काय खपेल हे गिऱ्हाइकानं सांगायचं आणि आपण ऐकायचं, एवढाच त्यांचा धंद्याचा नियम.

नव्वदच्या दशकात वारं बदललं. १९९६ मध्ये टपरवेअर आलं, १९९८ मध्ये अ‍ॅमवे. दिवाणखान्यात डब्यांच्या पार्ट्या होऊ लागल्या आणि कितीतरी गृहिणींच्या हातात पहिल्यांदा स्वतःचे पैसे आले. पण त्याच सुमारास ‘तुम्ही दोघं आणा, ते दोघं चौघं आणतील’ अशा योजनांचंही पेव फुटलं. असा एखादा नातेवाईक लग्नात दिसला की लोक पंगत बदलायचे. काकूंनी कधी कुणाला आपल्या हाताखाली साखळीत ओढलं नाही. त्या साडीच विकत राहिल्या. पुढे २०२१ च्या डायरेक्ट सेलिंग नियमांनी पिरॅमिड योजनांना मनाई केली, प्रवेश फी बंद केली आणि ओळखपत्राशिवाय, आगाऊ वेळ किंवा परवानगी घेतल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जायचं नाही असंही ठरवलं. भर दुपारी बेल वाजवण्याचे दिवस कागदोपत्रीही संपले.

आता आमच्या शेजारची सूनबाई खणाच्या साड्या विकते. दुकान मोबाइलवर. सकाळी स्टेटस, रात्री लाइव्ह, खाली ‘प्राइस प्लीज’ची रांग. पैसे यूपीआयनं आधीच जमा, त्यामुळे हप्त्यासाठी चपला झिजवायला नकोत. पार्सल नाशिकलाही जातं आणि न्यू जर्सीलाही. लालबाग ते दादर गाठोडं वाहणाऱ्या बाईला हे सांगितलं असतं तर तिनं हातच जोडले असते. जुनं ते सगळं सोनं म्हणणाऱ्यांनी ते गाठोडं एकदा उचलून बघायला हवं होतं.

पण एक गोष्ट हरवली. पूर्वी नकार तोंडावर मिळायचा आणि त्याच्यासोबत कारणही. आता निळ्या टिका येतात आणि पुढे शांतता. रंग आवडला नाही, किंमत जास्त वाटली की पगार व्हायचाय, काहीच कळत नाही. मग विकणारी रोज तेच फोटो टाकत राहते, लोक तिला म्यूट करतात आणि दोन दिवाळ्यांत ‘हल्ली मार्केटच नाही’ म्हणत ती धंदा गुंडाळते. रोज फोटो टाकणं म्हणजे चिकाटी नव्हे.

म्हणून नव्यानं विकायला बसलेल्या मुलींना एवढंच सांगणं आहे. स्टेटस टाका, लाइव्ह करा. पण ज्यांनी घेतलं नाही त्यांच्यातल्या चार-दोघींना महिन्यातून एकदा फोन करा. साडीचं नाव काढू नका, काय आवडलं नाही ते विचारा, ऐकून घ्या आणि वहीत लिहून ठेवा. पुढचा माल ती वही बघूनच भरा.