शिरोरेषेच्या खाली

समुद्रातल्या प्लास्टिकबद्दल काही करायचं म्हटलं की पहिलं चित्र ठरलेलं असतं: नाकात नळी अडकलेलं कासव. दुसरं चित्र, पोटात झाकणं भरलेला मेलेला पक्षी. गेल्या वर्षी एका संस्थेने रत्नागिरी जिल्ह्यातल्या काही बंदरांवर भिंती रंगवायचं काम माझ्याकडे दिलं, तेव्हा त्यांनीच अट घातली की चित्र नको, फक्त अक्षरं हवीत. कारण खर्चाचं होतं. मला ती अट वेगळ्या कारणाने आवडली. आमच्या मोहल्ल्यातली सगळ्यात मोक्याची भिंत मशिदीच्या आवाराची आहे. जेट्टीवर जाणारा प्रत्येक माणूस तिच्यासमोरून जातो. त्या भिंतीवर कासव काय, साधा बांगडाही कुणी काढू दिला नसता. अक्षरांना मात्र तिथे पिढ्यान्‌पिढ्या मान आहे.

कामाच्या कागदात एक ओळ होती: मुस्लिम वस्तीत मजकूर उर्दूत, पार्श्वभूमी हिरवी. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, आपल्याला आपलंसं वाटावं म्हणूनच त्याने ते लिहिलं असणार. पण ही आपुलकी आपल्याला फार ओळखीची आहे. आपल्याशी बोलायचं तर आधी आपली भाषा बदलून द्यायची! मी बैठकीत म्हटलं, आमच्या घरात कोकणी बोलतात. जिल्ह्यात उर्दू शाळा आहेत, माझ्या बहिणी तिथेच शिकल्या, उर्दूशी माझं वैर नाही. पण वादळाचा इशारा, होडीचा परवाना, डिझेलचा कागद हे सगळं खलाशी मराठीतच वाचतो. शिवाय आज कोकणातल्या कितीतरी होड्यांवर नेपाळी पोरं काम करतात. त्यांची लिपी देवनागरी. उर्दूतला फलक त्यांना भिंतीवरची नक्षी वाटेल. हा शेवटचा मुद्दा त्यांना पटला. पहिले दोन पटले की नाही, मला आजही सांगता येणार नाही. हिरवा रंग मात्र गेला.

आता मजकूर. 'प्लास्टिक समुद्रात टाकू नका' असं लिहून मोकळं होणं सोपं होतं. तो कच्चा आराखडा मी जेट्टीवर बसलेल्या एका चाचांना दाखवला. जाळं विणता विणता त्यांनी मान वर केली. "हे आमाला कशाला सांगतोस? आमी टाकतो ते जाळं. हे सगळं वरून येतं." वरून म्हणजे खाडीने. बाजारपेठेच्या मागचा ओढा, त्यात गुटख्याच्या पुड्या, वेफर्सची पाकिटं, दुधाच्या पिशव्या. पहिल्या जोरदार पावसात ते सगळं खाडीत आणि तिथून दर्यात. मग तेच डोल जाळ्यात येतं आणि मासळीतून निवडत बसायला लागतं. म्हणजे ज्याला त्रास होतो त्याच्याच दारात आपण उपदेश रंगवणार होतो.

चाचांचं म्हणणं बरोबर होतं, पण पूर्ण नव्हतं. सुताची आणि तागाची जाळी जाऊन नायलॉन आलं. ते टिकतं, हलकं पडतं, म्हणून आलं. पण खडकाला अडकून तुटलेला तुकडा आता कुजत नाही, तळाशी मासे धरत राहतो. ते खायला कुणी येत नाही. हे मी त्यांना विचारलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "ते पण लिव मग."

इथे देवनागरी कामाला आली. आपली लिपी शिरोरेषेला टांगलेली असते. रोमन अक्षर जमिनीवर उभं राहतं, आपलं वरून लोंबतं. कागदावर शब्द लिहिता लिहिता मला ती रेघ पाण्याची पातळी दिसायला लागली. पिशवीचं पॉलिथिन पाण्यापेक्षा हलकं, ते वर तरंगतं. बाटलीचं प्लास्टिक आणि नायलॉन पाण्यापेक्षा जड. बाटलीचं बूच गेलं, पाणी भरलं की ती तळ गाठते. किनाऱ्यावर उभं राहून आपल्याला दिसतं ते फक्त रेघेवरचं. म्हणजे वेलांटी, मात्रा, अनुस्वार.

म्हणून भिंतीच्या आरपार एकच लांब शिरोरेषा, आणि तिला टांगलेला एकच शब्द: 'जाळं'. अक्षरं माणसाएवढी उंच, खाली जाताना गडद होत जमिनीला टेकलेली. वरचा अनुस्वार तेवढा पांढरा, तरंगणारा. 'जाळं' शब्दात शिरोरेषेच्या वर दुसरं काहीच नाही. त्या ठिपक्यावर मी फार वेळ घालवला. २०२५च्या मे महिन्यात केरळच्या किनाऱ्याजवळ एमएससी एल्सा ३ हे जहाज बुडालं, तेव्हा प्लास्टिकचे बारीक पांढरे दाणे तिथल्या वाळूवर पसरले होते. अनुस्वाराएवढेच.

आकडा लिहावा असा संस्थेचा आग्रह होता. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेला एक अंदाज आहे, की २०१० या एका वर्षात १९२ देशांच्या किनाऱ्यांवरून ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लास्टिक समुद्रात गेलं. आकडा खरा मानला तरी भिंतीवर तो काय करणार? टन म्हणजे किती हे खलाशाला मासळीच्या हिशेबात कळतं. बाकीच्यांना ते फक्त खूप वाटतं.

हे सगळं फ्लेक्सवर छापू, असं कुणीतरी सुचवलं. फ्लेक्स म्हणजे पुन्हा प्लास्टिकच! चार महिन्यांनी फाटून त्याच ओढ्यात. तैलरंगही काही दुधाने धुतलेला नाही, पण भिंतीवर तो वर्षानुवर्षं राहतो. मग पेंटर शोधायला निघालो. मराठी नाटकांच्या नावांना कमल शेडगे यांनी जसा ज्याचा त्याचा चेहरा दिला, तसा आपल्या बंदरांवर होड्यांच्या नावांना चेहरा देणारे पेंटर आहेत. त्यांचं नाव कुठे छापून येत नाही इतकंच. फ्लेक्सने दुकानांच्या पाट्या खाल्ल्या, होड्या तेवढ्या उरल्या. आम्हाला मिळाले ते साठीचे होते. त्यांनी माझा संगणकावरचा आराखडा पाहिला आणि 'ळ'च्या दोन्ही गाठी मोठ्या केल्या. म्हणाले, लांबून बुजतील. नंतर जेट्टीच्या टोकाला जाऊन पाहिलं, खरंच लांबून 'ळ' स्वच्छ वाचता येत होता.

मशिदीच्या भिंतीसाठी जमातीची परवानगी एका बैठकीत मिळाली. एकाने विचारलं, यात दीनचं काय आहे? दुसऱ्या बुजुर्गांनी त्याला वुजूच्या नळाची आठवण करून दिली. वाहत्या नदीवर बसूनही पाणी वाया घालवू नये, हे आपण लहानपणी शिकलो की नाही, एवढंच ते म्हणाले. जेट्टीवरच्या बर्फाच्या कारखान्याची भिंत मालकाने चहा पाजून दिली.

तिसरी भिंत बाजारपेठेतली, ओढ्याच्या पुलाला लागून. चाचांच्या म्हणण्याप्रमाणे खरं तर तीच पहिली हवी होती, आणि तिच्यावर शिरोरेषेच्या वरचा शब्द येणार आहे: 'पिशवी', दोन्ही वेलांट्या फुगवलेल्या. ती भिंत सरकारी आहे. अर्ज देऊन पाच महिने झाले. पेंटरकाकांनी तिच्यासाठीचा निळा डबा वेगळा काढून ठेवलाय. जुम्याला भेटले की विचारतात, "काय भाई, आला का कागद?" पावसाच्या आत यायला हवा. ओल्या भिंतीवर रंग धरत नाही.