मधाची दारू आणि भालकीची शिंदी

जर्मन लोकांची मधाची एक दारू आहे, बेरनफांग. नावाचा अर्थ अस्वल पकडणे. अस्वलाला मधाची लालूच दाखवून पकडत, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. आमच्या वाड्यावरच्या एका तारवट्याने बोटीवरून येताना तिची बाटली आणली आणि आम्हा फेणीवाल्यांना कुतूहल वाटले. ही दारू मध आंबवून करत नाहीत. धान्याच्या तयार दारूत मध विरघळवायचा, दालचिनी, व्हॅनिला, लिंबाची साल असे काहीबाही घालून मुरवत ठेवायचे, झाले. जिभेवर नुसती गोड लागते. तिचा खरा जोर घशाखाली उतरल्यावर कळतो.

ती मूळची पूर्व प्रशियाची. दुसऱ्या महायुद्धानंतर तो प्रांत रशिया आणि पोलंडमध्ये वाटला गेला, १९४६ साली कोनिग्सबर्गचे कालिनिनग्राड झाले. तिथल्या जर्मनांना घरदार सोडावे लागले, पण मधाच्या दारूची कृती त्यांनी सोबत नेली. गाव गेला, गावाची चव राहिली.

हे कळले तेव्हा मला माझी सासुरवाडी आठवली. बिदर जिल्ह्यातली भालकी. तिथे उलटे घडले. १९५६ साली हैदराबाद राज्य मोडले, भालकी म्हैसूर राज्यात गेली, माणसे मात्र जागेवरच राहिली. घरात मराठी, कचेरीत कानडी. गेली ती चव. त्या भागात शिंदीची झाडे अजून दिसतात. शेंड्याजवळ खाच पाडून मडके बांधले की रात्रभर रस ठिबकतो. पहाटे ती गोड नीरा असते, ऊन चढले की आंबून शिंदी होते.

सासऱ्यांना एकदा याबद्दल विचारले. ते माळकरी. म्हणाले, "जावईबापू, शिंदीच्या बुडाशी बसून ताक पिलं तरी लोक शिंदीच म्हणतेत." विषय संपला.

त्यांचा राग मला समजतो. दारूपायी बसलेली घरे त्यांनी पाहिली आहेत. कर्नाटकाने १ जुलै २००७ पासून अरक बंद केला, तेव्हा किती बायकांनी देवापुढे साखर ठेवली असेल! दुकाने पुन्हा उघडा असे मीही म्हणणार नाही.

पण भालकीपासून जवळच बसवकल्याण आहे. तिथे बाराव्या शतकात, बसवेश्वरांच्या शरणांमध्ये हेंडद मारय्या नावाचे एक वचनकार होऊन गेले. हेंड म्हणजे कानडीत ताडी. ती विकणे हेच त्यांचे कायक, आणि त्याच धंद्याच्या भाषेत त्यांनी वचने रचली. शरणांनी त्यांना आपल्या पंगतीत बसवले.

आमच्या काजूफेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि आम्ही गोंयकार ते मिरवतो. शिंदीला मानांकन नको, दुकानही नको. पण झाडावर चढून रस काढणाऱ्याच्या हातात एक विद्या होती, एवढे तरी घराघरात बोलले जावे. सासऱ्यांपुढे हे बोलायचे धाडस मला अजून झालेले नाही.