हापशाचा दांडा

हुलसूरच्या मराठी शाळेत मी शिक्षक म्हणून रुजू झालो, ते १९७४ साली. दोन वर्षांपूर्वीच्या दुष्काळात विहिरी आटल्या होत्या. त्यामुळे शाळेजवळ बोअर घेऊन बसविलेल्या बिडाच्या हापशाचे गावाला मोठे अप्रूप. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत तेथील घागरींची रांग हटत नसे. एके दिवशी दुसरीतला एक मुलगा आईसाठी पाणी हापसावयास गेला. दांडा वर गेला की त्याचा हात पुरेना. म्हणून तो उडी मारून दांड्याला लोंबकळे आणि अंगाच्या भाराने खाली येई. असे करता करता दांडा सांध्यातून कडकन मोडला. मी त्याला सर्वांदेखत छड्या मारल्या. सार्वजनिक वस्तूची नासधूस करू नये, यावर वर्गात भाषणही केले. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही.

माझी नात मुंबईस पवईच्या आयआयटीत अर्गोनॉमिक्स शिकते. माणसाचे शरीर, त्याची ताकद व सवयी पारखून त्यांस जुळतील अशी साधने घडविण्याचे हे शास्त्र. (प्रथम मला वाटले, खुर्च्या-टेबलांचा काही धंदा असावा!) गेल्या दिवाळीत तिने दुसऱ्या महायुद्धातील एक हकीकत सांगितली. बी-१७ विमाने जमिनीवर उतरली की वैमानिक पंखांच्या झडपा मिटण्याऐवजी चुकून चाकेच आत घेत आणि विमान पोटावर आपटे. दोष अर्थातच वैमानिकाचा! आल्फोन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिले, तो दोन्ही खटके सारखे आणि शेजारी शेजारी. त्याने एकावर रबरी चाक व दुसऱ्यावर पाचर बसविली, आणि ती चूक थांबली.

"आबा, पुष्कळ माणसे एकच चूक करू लागली, तर आधी वस्तू तपासावी," ती म्हणाली.

मी बिचकतच हापशाची गोष्ट काढली. तिला ती ठाऊक निघाली. म्हणजे माझी नव्हे, हापशाची. ते बिडाचे पंप परदेशातील एखाद्या कुटुंबाच्या वापरापुरते बेतलेल्या नमुन्याचे, आणि येथे सारे गाव दिवसभर ते हापसणार! १९७४ च्या सुमारास युनिसेफने पाहणी केली, तेव्हा चारांतले तीन हातपंप बंद आढळले. उपाय मात्र आमच्या शेजारीच निघाला होता. आधी जालन्याच्या मिशनमधील मंडळींनी आणि पुढे सोलापुरात ऑस्कर कार्लसन या स्वीडिश मिशनऱ्याने पोलादी पंप घडविला. एकाच आसावर फिरणारा दांडा, आत साखळी. त्यावरूनच सत्तरीच्या दशकाअखेर 'इंडिया मार्क टू' आला. त्याचा दांडा मुद्दाम जड ठेवलेला, म्हणजे बोअरमधील सळ्यांचा भार हापसणाऱ्याच्या हातावर येऊ नये. तोही निर्दोष नव्हता. आतले वॉशर बदलावयाचे तर सर्व पाइप वर ओढावे लागत. म्हणून पुढे 'मार्क थ्री' काढावा लागला.

वाचकहो, त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी गावात चौकशी केली. तो मुलगा मोठेपणी हैदराबादेकडे मजुरीस गेला, एवढेच कळले.

घरी आलो तो नात वही घेऊन बसलेली. "आबा, त्या मुलाची उंची किती असेल हो? आणि दांडा वर गेल्यावर जमिनीपासून किती?"

मी अंगणात उभा राहून हात कमरेशी धरला. मग जरा खाली नेला.