वेणीतून आलेले बियाणे

माळ्यावर पडलेली पायली, मोडकी पाभर यांना आपण अडगळ म्हणतो. दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम देशात एका गावाने अशाच वस्तूंचे संग्रहालय केले आहे.

राजधानी पारामारिबोहून अचोनीपर्यंत मोटारीने जायचे, पुढे खोडाच्या लांब होडीतून नदी चढायची. दोहो काठांना दाट रान. तेथे पिकिन स्ली हे सारामाका लोकांचे गाव लागते. यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले गुलाम. डचांच्या मळ्यांतून ते रानात पळाले, लढले आणि १७६२ साली डचांना त्यांच्याशी तह करावा लागला. पळताना बायांनी वेणीत भाताचे दाणे लपवून आणले, असे तिथल्या आज्या सांगतात. काही वाणांना त्या पूर्वज बायांचीच नावे आहेत.

१९६० नंतरच्या दशकात नदीवर अफोबाका धरण झाले. कित्येक गावे बुडाली, हजारो माणसे उठली. गाव धरणात गेलेल्यांना हे दुःख वेगळे सांगायला नको. गाव गेले की वस्तू जातात, मागोमाग त्यांची नावेही.

म्हणून पिकिन स्लीच्या लाकूड कोरणाऱ्या कारागिरांनी पुढाकार घेतला. संग्रहालयात कोरीव बसकी, वल्ही, भात पाखडायची लाकडी ताटे आहेत; बायकांनी फळाच्या टणक कवटीवर कोरलेले कटोरेही आहेत.

बियाणे मात्र कपाटात टिकत नाही. ते दरसाल पेरावेच लागते. आज संध्याकाळी घरातल्या आजीजवळ बसा. जुन्या वाणांची, अवजारांची नावे विचारा आणि वहीत उतरवून ठेवा.