चलो सुर्डी!

बार्शी म्हटलं की भगवंताचं मंदिर, बास! मी मात्र गाडी पुढे काढली, याच तालुक्यातल्या सुर्डीला. इथे सनसेट पॉइंट वगैरे नाही. बघायचे ते उताराला आडवे खणलेले चर. पळतं पाणी त्यांत थांबतं, जमिनीत मुरतं. सोप्पंय ना? खणून बघा! २०१९च्या उन्हाळ्यात श्रमदान करून गावाने पाणी फाउंडेशनचा वॉटर कप जिंकला. बक्षीस ७५ लाख. त्या काळात १ मेच्या महाश्रमदानाला शहरांतले 'जलमित्र'ही गावोगावी उतरायचे, आपल्यासारखेच एसीत बसणारे. पुढे ती स्पर्धा झाली नाही. चरांत गाळ मात्र साठतोच, आणि तो उपसायला कॅमेरे येत नाहीत. कुठल्याही श्रमदानाला जाल तर हातमोजे न्या, पहाटेच पोहोचा. नऊनंतर सोलापुरी ऊन जिमवाल्यांनाही बसवतं.