मूठभर तांदूळ

आमची शाळा चर्चच्या आवारातच होती. मराठी माध्यमाची, पहिली ते चौथी, कौलारू. वसईतल्या बहुतेक ख्रिस्ती गावांत हेच चित्र. बारा वाजता चर्चची घंटा झाली की बाई खडू खाली ठेवायच्या आणि आम्ही उभे राहून 'नमो मरिया' म्हणायचो. वर्गात आगरी, भंडारी घरांतली मुलंही होती. ती नुसती हात जोडून उभी राहायची. काहींना प्रार्थना आमच्यापेक्षा चोख पाठ होती, ही गोष्ट वेगळी.

राखेच्या बुधवारी कपाळावर राख लागली की वर्गात डालडाचा एक रिकामा डबा यायचा. ईस्टरपर्यंत दर शुक्रवारी प्रत्येकानं मूठभर तांदूळ आणून त्यात टाकायचा. डबे भरले की सिस्टर तो तांदूळ गरीब घरांत वाटायच्या. सक्ती नव्हती, पण रिकाम्या हातानं कोणी येत नसे. संध्याकाळी क्रुसाच्या वाटेला चौदा ठिकाणी गुडघे टेकताना आपण काहीतरी दिलंय याचं मला फार बरं वाटायचं. जरा जास्तच बरं वाटायचं.

1973 सालचा उपवासकाळ. आदल्या वर्षी दुष्काळ पडलेला, रेशनवर लाल मिलो मिळायची, तांदूळ महागलेला. आमची केळीची वाडी होती, विहिरीला पाणी होतं, त्यामुळे आमचं भागत होतं. आजी तरी तांदूळ देताना पुटपुटायचीच. माझ्या बाकावरचा मुलगा धडप्याच्या चिंधीत बांधून तांदूळ आणायचा. अगदीच थोडा. एकदा मी उभं राहून सांगितलं, "बाई, याची मूठ अर्धीच असते."

"ज्याची त्याची मूठ," बाई म्हणाल्या. "बस खाली."

झावळ्यांच्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी सिस्टरांनी पिशव्या उचलायला चौथीतल्या आम्हा दोघांना सोबत घेतलं. शेवटचं घर मिठागराच्या बाजूला होतं, कुडाचं. दारात एक बाई आली. पदर सावरत म्हणाली, "या सिस्टर, बसा." तिनं पिशवी सुपात ओतली, खडे बघितले, आणि मग त्यातलाच चिमूटभर जास्त असा तांदूळ वेगळा काढून चिंधीत बांधला.

"उद्या शुक्रवार ना. पोराला शाळेत न्यायला लागतो."

चिंधी मी ओळखली. मग दाराआड उभा असलेला तोही दिसला. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

परतताना सिस्टर एवढंच म्हणाल्या, "बघितलंस ते इथंच ठेव."

मी ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशी तो डब्यापाशी गेला, चिंधी सोडली, आणि मी मागून बोललो, "आमचाच तांदूळ परत आणलाय!" पोरं हसली. मला वाटतं, निम्म्यांना काही कळलंही नसेल. त्यानं मात्र चिंधी नीट झटकली, घडी करून खिशात घातली आणि दप्तर उचलून मागच्या बाकावर जाऊन बसला. परीक्षा होईपर्यंत तो तिथंच बसला.

ईस्टरच्या आधी पापनिवेदनाला मी हे फादरांना सांगितलं. त्यांनी तीन वेळा 'नमो मरिया' म्हणायला सांगितलं आणि म्हणाले, "त्याच्याशी जाऊन बोल." प्रार्थना मी लगेच म्हणून टाकल्या. बोलायचं राहिलं. चौथीनंतर शाळा बदलल्या, आणि राहिलं ते राहिलंच.

दोन वर्षांपूर्वी एका लग्नात तो जेवायला माझ्या शेजारी येऊन बसला. केस पिकलेले, पण ओळखला. मी मनात शब्द जुळवत होतो, तेवढ्यात त्यानंच विचारलं, "तुमच्या वाडीत केळी आहे का रे अजून?"

"नाही. बिल्डिंग झाली."

"हं," तो म्हणाला. भात वाढणारा पोरगा आला तसा त्यानं पानावर हात आडवा धरला. "थोडाच घाल."